गुणी मुले सापडत नाहीत, हा भ्रम

२०२५ च्या दिवाळीच्या आगेमागे दीड महिन्यात भारतीय फुटबॉलचे तीन निकाल लागले. ते एकाखाली एक लिहून पाहावेत. १४ ऑक्टोबर, मडगावचे फातोर्डा स्टेडियम: भारताचा सीनियर संघ सिंगापूरकडून १-२ असा हरला आणि २०२७ च्या आशियाई चषकाचा रस्ता बंद झाला. १८ नोव्हेंबर, ढाका: बांगलादेशाने भारताला १-० असे हरवले; असे याआधी घडले होते ते २००३ मध्ये. ३० नोव्हेंबर, अहमदाबाद: भारताच्या सतरा वर्षांखालील मुलांनी इराणला २-१ असे हरवून आपल्या वयोगटाच्या आशियाई चषकात जागा मिळवली.

पहिल्या दोन निकालांवर रान उठले. ‘एकशे चाळीस कोटींच्या देशात अकरा खेळाडू मिळत नाहीत?’ हा प्रश्न आता इतका गुळगुळीत झाला आहे की विचारणाऱ्यालाही उत्तराची अपेक्षा नसते. तिसऱ्या निकालाचे दोन दिवस कौतुक झाले आणि तो विसरला गेला. वास्तविक सगळी मेख त्या तिसऱ्या निकालात आहे. अकरा मुले मिळालेली होती. ती शोधली गेली होती, त्यांना शिकवले गेले होते आणि आशियातल्या बड्या घराण्यातल्या समवयस्कांना त्यांनी हरवलेही होते.

हा एखाद्या दिवसाचा चमत्कार म्हणावा, तर २०१८ चे काय करायचे? त्या वर्षी मलेशियात सोळा वर्षांखालील आशियाई स्पर्धेत भारताने व्हिएतनामला हरवले, इराण आणि इंडोनेशियाला गोलशून्य बरोबरीत रोखले आणि उपउपांत्य फेरीत दक्षिण कोरियाकडून एका गोलने हार खाल्ली. तो सामना जिंकला असता तर ही मुले सतरा वर्षांखालील विश्वचषकाला गेली असती. दोन्ही वेळी प्रशिक्षक गोव्याचे बिबियानो फर्नांडिस होते. म्हणजे सोळाव्या वर्षी आपला मुलगा इराण-कोरियाच्या मुलापासून एका गोलाच्या अंतरावर आहे. तेविसाव्या वर्षी तोच, किंवा त्याच्यासारखाच, सिंगापूरपुढे अडखळतो. मधल्या सात वर्षांत काय होते, याचे उत्तर लोकसंख्येत सापडणार नाही, कारण सात वर्षांत देशाची लोकसंख्या काही घटलेली नसते.

खंडन करायचे तर पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे. बुजगावणे उभे करून त्याला पाडण्यात पुरुषार्थ नाही. फुटबॉलमध्ये मागे असलेल्या देशांत होतकरू मुले का कोमेजतात याची आपल्याकडची रूढ कारणमीमांसा साधारण चार पायांवर उभी आहे. एक, गुणवत्तेचा शोधच होत नाही. खेड्यापाड्यांतले, आदिवासी पाड्यांवरचे, ईशान्येतले हिरे मातीत राहतात. दोन, क्रिकेट सगळा पैसा आणि सगळी मुले गिळून टाकते. तीन, आपली अंगकाठी आणि आपला आहार या खेळाला पुरा पडत नाही. आणि चार, जरा नाव झाले, करार झाला, की आपली पोरे सुस्तावतात. ‘भूक’ राहत नाही. चौथे कारण माजी खेळाडू फार आवडीने सांगतात. त्यात तथ्याचा अंश आहे, म्हणून ते शेवटी घेऊ.

लोकसंख्येचा हिशेब आधी निकालात काढू. नोव्हेंबर २०२५ मध्ये कुरासाओ हे कॅरिबियन बेट विश्वचषकाला पात्र ठरले. तिथे जेमतेम दीड लाख माणसे राहतात; पुरुषांच्या विश्वचषकाला पोचलेला एवढा छोटा देश दुसरा नाही. पण त्या संघाकडे जवळून पाहिले तर कळते की तो जवळजवळ सगळा नेदरलंड्समध्ये जन्मलेल्या, तिथल्या क्लबांत घडलेल्या मुलांचा आहे. बेटाने रक्त दिले, घडवले डच व्यवस्थेने. दुसऱ्या टोकाला नायजेरिया. वीस कोटींहून अधिक वस्ती, फुटबॉलचे वेड आणि सतरा वर्षांखालील विश्वचषकाची पाच विजेतेपदे. इतकी कोणाकडेच नाहीत. सीनियर विश्वचषकात मात्र हा देश अंतिम सोळाच्या पुढे कधी गेलेला नाही. तेव्हा माणसे मोजून खेळाडू मोजता येत नाहीत, आणि कुमारवयातल्या यशावरून प्रौढपणीचे यशही मोजता येत नाही. तर्कशास्त्राच्या भाषेत, हेतू साध्याला सोडून भटकतो आहे: कारण आहे तिथे परिणाम नाही.

याचेच एक बोलके उदाहरण २००९ चे. अबुजात सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना यजमान नायजेरिया आणि स्वित्झर्लंड यांच्यात झाला. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला नायजेरियाचा सानी इमॅन्युएल. सामना स्वित्झर्लंडने १-० असा जिंकला. त्या स्विस संघात ग्रानित झाका, रिकार्डो रॉड्रिगेझ, हारिस सेफेरोविच ही मुले होती. आठ महिन्यांनी, अजून अठरा पूर्ण व्हायचे असताना, झाका बासेलकडून चॅम्पियन्स लीगच्या पात्रता सामन्यात उतरला आणि त्याने गोल केला. पुढची दोन वर्षे तो बासेलच्या मुख्य संघात तिशीतल्या माणसांबरोबर आणि माणसांविरुद्ध खेळला, मग जर्मनीला विकला गेला, आणि पुढे स्वित्झर्लंडचा कर्णधार झाला. सानी इमॅन्युएलही युरोपात गेला. त्याचे नाव आज फुटबॉलच्या जाणकारालाही आठवावे लागते. अंतिम सामन्याच्या संध्याकाळी या दोघांपैकी अधिक गुणी कोण, असे विचारले असते तर परीक्षकांनी उत्तर दिलेलेच होते.

आता शोधाबद्दल. शोध होत नाही, हे आपल्याकडचे सगळ्यात लाडके आणि सगळ्यात चुकीचे विधान आहे. आपल्याकडे शोधाखेरीज दुसरे फारसे काही होत नाही. २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक भरला, त्याआधी १५ सप्टेंबरला महाराष्ट्र सरकारने ‘मिशन वन मिलियन’ राबवले. राज्यभर एकाच दिवशी दहा लाख मुलांनी चेंडूला पाय लावावा अशी योजना होती. नंतर बायर्न म्युनिकच्या सहकार्याने शाळकरी मुलांच्या स्पर्धा झाल्या, निवडलेली मुले म्युनिकला जाऊन आली. अशा उपक्रमांत फोटो चांगले येतात. निवड-चाचणी एका दिवसात उरकते, पाहुण्यांचे भाषण होते, पिशवी आणि टी-शर्ट वाटले जातात. सतरा ते एकवीस वयाच्या मुलाला चार वर्षे दर आठवड्याला सामना मिळवून देणे हे काम रटाळ आहे, त्यात उद्घाटनाला जागा नाही.

क्रिकेटचे गाऱ्हाणे तर मणिपूरच्या सीमेवरच थांबते. २०१७ च्या त्या विश्वचषकात खेळलेल्या भारतीय संघातल्या एकवीस मुलांपैकी आठ मणिपूरची होती. २०११ च्या जनगणनेत मणिपूरची वस्ती साडेअठ्ठावीस लाख होती. उरुग्वेची चौतीस-पस्तीस लाखांच्या घरात आहे. दोन्हीकडे फुटबॉल हाच पहिला खेळ, दोन्हीकडे मुले चालायला लागली की चेंडूमागे धावतात. क्रिकेट हेच कारण असते तर मणिपूर, मिझोराम आणि गोवा यांनी मिळून एव्हाना निदान एखादा तरी खेळाडू युरोपच्या बड्या लीगमध्ये रुजवला असता. अंगकाठीबद्दल एवढेच: १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला, ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवताना मुंबईकडून खेळणाऱ्या, मूळच्या गोव्याच्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले, आणि १९६२ मध्ये जाकार्तात आपण आशियाई सुवर्ण जिंकले. त्या पिढीला आजच्या मुलांपेक्षा जास्त दूध-अंडी मिळत होती असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा बाकीचा आशियाही कच्चा होता, हा आक्षेप मान्य. पण मग मुद्दा बाकीचे का पिकले याकडे वळतो, आणि तो अंगकाठीचा राहत नाही.

माझे म्हणणे असे. खेळाडू बारा वर्षांखाली हरवत नाही, तो सतरा ते एकवीस या वयात हरवतो. आणि हरवतो तो शिबिराअभावी नव्हे, सामन्यांअभावी. सामना म्हणजे ज्यात हरलो तर कोणाचे तरी काहीतरी जाते असा, मोठ्या माणसांचा सामना. वयोगटाच्या फुटबॉलमध्ये पायात वेग आणि अंगात जोर असला की निभते. मोठ्यांत उतरल्यावर समोरचा स्टॉपर तुमच्याहून हळू असतो, पण तुम्ही कुठे वळणार हे त्याला तुमच्याआधी कळते. चेंडू यायच्या आधी मान वळवून पाहणे, पहिल्याच स्पर्शात अंगाची आड घेणे, ऐंशीव्या मिनिटाला एक गोलने पुढे असताना कोपऱ्यात चेंडू धरून ठेवणे, पंचाशी कधी बोलायचे आणि कधी गप्प बसायचे, या गोष्टी सरावात सांगता येतात, अंगवळणी पडत नाहीत. पैलवान जोर-बैठका घरी काढू शकतो. पकड सोडवायला तो शिकतो ते मातीत, थोरल्याच्या खाली चारदा चितपट झाल्यावर.

लुका मॉड्रिचचे अठरावे वर्ष पाहा. डायनॅमो झाग्रेबने या चणीने बारक्या मुलाला २००३ मध्ये बोस्नियाच्या झ्रिन्यस्की मोस्टार या क्लबात उसनवार पाठवले. युद्ध संपून आठ वर्षे झालेली, मैदाने खडबडीत, खेळ रांगडा, बचावपटूंचे बूट चेंडूपेक्षा घोट्याच्या शोधात. त्या मोसमात तो बोस्नियन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढच्या वर्षी पुन्हा उसनवार, या खेपेला इंटर झाप्रेशिच या छोट्या क्लबात. मग कुठे डायनॅमोच्या मुख्य संघात जागा, २००८ मध्ये टॉटनहॅम, २०१८ मध्ये विश्वचषकाचा अंतिम सामना आणि बॅलन डी’ऑर. चाळीस लाख वस्तीच्या क्रोएशियाची किमया म्हणून लोक अकादमीकडे बोट दाखवतात. अकादमीने मुलगा दिला. त्याचा खेळाडू केला मोस्टारच्या चिखलाने.

उरुग्वेत हीच गोष्ट सवयीची झाली आहे. लुइस सुआरेझ अठराव्या वर्षी नासिओनालच्या मुख्य संघात, एकोणिसाव्या वर्षी हॉलंडमध्ये. फेदेरिको वाल्वेर्दे सतराव्या वर्षी पेन्यारोलकडून, पुढच्याच वर्षी रेआल माद्रिदने करारबद्ध केलेला. माँटेव्हिडिओचे क्लब परोपकारी नाहीत. तिकीट आणि जाहिरातींवर त्यांचे घर चालत नाही, मुलगा विकला तर चालते. आणि विकायचा तर तो आधी खेळताना दिसला पाहिजे. आइसलँडच्या क्लबांकडे बाहेरून महागडे खेळाडू आणायला पैसाच नसतो, म्हणून तिथेही सतरा वर्षांच्या पोराला मोठ्यांत उतरवावे लागते. २०१६ मध्ये इंग्लंडला हरवून त्यांनी युरो गाजवला तेव्हा जगभरच्या वार्ताहरांनी तिथल्या छप्पर घातलेल्या मैदानांवर रकानेच्या रकाने लिहिले. छपराचा उपयोग लहान मुलांना झालाच असेल, पण नुसत्या छपराखाली युरो गाजवणारा खेळाडू तयार होत नाही.

आणि एवढे दूर जायचेही कारण नाही. गेल्या चाळीस वर्षांतले भारताचे तीन सर्वोत्तम आघाडीपटू कोण, असे विचारले तर बहुतेक जण आय. एम. विजयन, बायचुंग भुतिया आणि सुनील छेत्री हीच नावे घेतील. विजयन सतरा-अठराव्या वर्षी केरळ पोलिसांच्या संघात. भुतिया सोळाव्या वर्षी शाळा सोडून ईस्ट बंगालमध्ये. छेत्री अठराव्या वर्षाच्या सुमारास मोहन बागानमध्ये, होजे बारेटोसारख्या मुरलेल्या ब्राझिलियनाच्या शेजारी. तिघांपैकी एकाचेही बालपण आजच्या अर्थाने अकादमीत ‘घडलेले’ नाही. न्यायशास्त्र ज्याला अन्वय म्हणते तो हा: मोठ्यांचे सामने लवकर मिळाले, तिथे खेळाडू उभा राहिला.

आता व्यतिरेक, म्हणजे सामने मिळाले नाहीत तिथे काय झाले. २०१७ च्या संघावर भारतात कोणत्याही कुमार संघावर झाला नसेल एवढा खर्च झाला. जर्मन प्रशिक्षक, मग पोर्तुगीज प्रशिक्षक, दोन-अडीच वर्षे शिबिरे, युरोपचे दौरे. दिल्लीत अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. कोलंबियाविरुद्ध कॉर्नरवर जीकसन सिंगने डोक्याने गोल केला, फिफाच्या विश्वचषकात भारताने केलेला पहिला गोल. ते निकाल लाजिरवाणे नव्हते. लाजिरवाणे पुढे घडले. त्याच स्पर्धेत इंग्लंडकडून खेळलेला फिल फोडेन अंतिम सामन्यानंतर महिन्याच्या आत मँचेस्टर सिटीकडून चॅम्पियन्स लीगमध्ये उतरला. अमेरिकेचा सर्जिनो डेस्ट आयाक्सच्या अकादमीतून त्याच क्लबच्या मुख्य संघात गेला. आपल्या मुलांसाठी क्लबच नव्हता. म्हणून भारतीय फुटबॉल महासंघाने ‘इंडियन ॲरोज’ हा संघ पुन्हा उभा केला आणि आख्खी तुकडी आय-लीग या मोठ्यांच्या राष्ट्रीय लीगमध्ये उतरवली.

इथे प्रतिपक्षी मला अडवील. ‘दिले की सीनियर सामने! ॲरोज होता ना? काय निघाले त्यातून?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. एक, बरेच काही निघाले. जीकसन, सुरेश वांगजाम, अन्वर अली, रहीम अली पुढे सीनियर भारतीय संघात खेळले. ॲरोजच्या २०१० ते २०१३ च्या पहिल्या अवतारातूनही जेजे लालपेखलुआ, प्रीतम कोटाल ही मंडळी आली. दोन, तरीही तो अर्धाच उपाय होता. सतरा वर्षांचा एक मुलगा दहा मोठ्यांत खेळणे वेगळे आणि सतरा वर्षांची अकरा मुले मोठ्यांविरुद्ध खेळणे वेगळे. पहिल्यात शेजारचा तिशीतला सेंटर-बॅक ओरडून सांगतो, ‘अरे, आत ये, आत ये!’ दुसऱ्यात शेजारचाही तितकाच बावरलेला असतो. त्यातून संघाला पदावनतीपासून सूट. तळाला राहिले तरी कोणाचे काही जात नव्हते. पहिल्या मोसमात सामने अठरा. आणि हा अर्धा उपायही २०२२ मध्ये बंद केला गेला, त्याजागी पुन्हा वयोगटाची लीग आणली. आजारी माणसाला लागू पडलेले अर्धे औषध काढून घेऊन त्याला आरामाचा सल्ला द्यावा, तशातला प्रकार.

दुसरा आक्षेप अधिक शास्त्रशुद्ध आहे: सतराव्या वर्षी मोठ्यांत खेळलेले पण पुढे काहीच न झालेले शेकडो असतील, त्यांचे काय? असतील, नक्कीच आहेत. मोठ्यांचे सामने पुरेसे कारण आहेत असा माझा दावाच नाही. ते आवश्यक कारण आहेत. शिवाय जो टिकणार नाही तो विसाव्या वर्षी कळला, तर बिचारा शिक्षणाकडे किंवा नोकरीकडे वेळेत वळतो. आपल्याकडे तो पंचविसाव्या वर्षी बाकावर बसून कळतो.

हा बाक म्हणजेच ‘भुके’च्या युक्तिवादाचे मूळ. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा मैदानावर एका वेळी सहा परदेशी खेळाडू चालत. २०१७ पासून पाच, २०२१ पासून चार. पहिल्या मोसमात साखळीचे सामने चौदा, सगळा तमाशा अडीच महिन्यांत आटोपला. परदेशी खेळाडू बहुधा मधल्या कण्यावर, म्हणजे स्टॉपर, मिडफिल्ड आणि स्ट्रायकर या जागांवर. भारतीय मुले कडेला. प्रशिक्षक एका मोसमाच्या करारावर आलेला, त्याला तीन सामने हरले की विमान पकडावे लागते. तो एकोणीस वर्षांच्या मुलाला स्ट्रायकर म्हणून का उतरवील? पदावनती नव्हती, म्हणून मोसमाच्या शेवटी धोका पत्करावा असे म्हणावे, तर मालकाला मुलगा विकून पैसा मिळायचीही सोय नाही. युरोपीय क्लब भारतीय मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत, मोजके अपवाद सोडले तर, नियमानेच घेऊ शकत नाही. इंग्लंडने तर २००९ मध्ये खुद्द छेत्रीला कामाचा परवाना नाकारला, कारण भारत जागतिक क्रमवारीत पहिल्या सत्तरांत नव्हता. अशा घरात मुलाला चांगला पगार मिळतो, सामना मिळत नाही, आणि मग आपण म्हणतो, पोराला भूक नाही. आघाडीच्या जागा परदेशी माणसांना देऊन दहा वर्षांनी काय झाले? जून २०२४ मध्ये कोलकात्यात निरोप घेतलेल्या छेत्रीला मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, परत बोलवावे लागले.

महाराष्ट्राचा हिशेब त्याहून वाईट आहे, आणि तो आपण कधी मांडत नाही. महिंद्रा युनायटेड या देशाच्या माजी विजेत्या संघाने २०१० मध्ये गाशा गुंडाळला. एअर इंडिया आणि ओएनजीसी २०१३ नंतर राष्ट्रीय लीगमध्ये दिसले नाहीत. २०१५ मध्ये पुणे एफसी गेला, ज्याच्या अकादमीने वयोगटाच्या राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या होत्या. त्याच वर्षी भारत एफसी एका मोसमात आटोपला. २०१७ मध्ये डीएसके शिवाजियन्स आणि मुंबई एफसी. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी, ज्याची जागा हैदराबादला गेली आणि २०२५ मध्ये तिथूनही उठून दिल्लीला. दहा वर्षांत आठ क्लब. गोव्यातही २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिघे आय-लीगमधून बाहेर पडले. यांतले प्रत्येक दार बंद झाले तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांच्या पाच-सहा मुलांची जागा गेली. त्यासाठी कोणी रान उठवले नाही.

कोल्हापूरकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे सामने होतात तेव्हा भर उन्हात गॅलरी भरलेली असते, पेठांची इभ्रत पणाला लागलेली असते, आणि अकरावी-बारावीतला पोरगा लग्न झालेल्या, पोटापाण्याला लागलेल्या बचावपटूच्या अंगावर धावून जातो. मी वर सांगितलेली मोठ्यांच्या सामन्यांची अट इथे कोणी न शिकवता पुरी होते. २०१७ च्या विश्वचषक संघातला अनिकेत जाधव याच शहरातला. ॲरोजच्या पहिल्याच सामन्यात चेन्नई सिटीविरुद्ध दोन गोल त्याचे होते. पुढे तो जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा असा फिरला. महाराष्ट्राच्या मुलाला महाराष्ट्रात पुढची पायरी नव्हती. इथे तालमीच्या संघावरून थेट सुपर लीग. मधले जिने आपणच काढून घेतलेले.

जुलै २०२५ मध्ये तर सुपर लीगच्या आयोजकांनी व्यापारी हक्कांच्या कराराचा तिढा सांगून पुढचा मोसमच लांबणीवर टाकला. काही क्लबांनी मुख्य संघाचा सराव थांबवला. फातोर्ड्यावर आणि ढाक्यात हरलेल्या संघाच्या ‘मानसिकते’वर ज्यांनी लेख लिहिले त्यांनी ही तारीख एकदा पाहावी.

१४ डिसेंबर २०२५ रोजी वानखेडे स्टेडियमवर लिओनेल मेस्सीच्या साक्षीने राज्याच्या ‘प्रोजेक्ट महादेवा’चा गाजावाजा झाला. तेरा वर्षांखालील निवडक मुलामुलींना पाच वर्षांची शिष्यवृत्ती. योजना चांगली आहे, तिच्यात खोट काढायचा माझा हेतू नाही. फक्त तेरात पाच मिळवून पाहावे. शिष्यवृत्ती संपते तिथेच मूल हरवायचे वय सुरू होते. ही योजना जे चालवतात त्यांना आणि राज्याचा फुटबॉल पाहणाऱ्या पश्चिम भारत फुटबॉल संघटनेला एवढीच विनंती: पुढची निवड-चाचणी जाहीर करण्याआधी मुंबई, पुणे, कोल्हापूर आणि नागपूरच्या क्लबांना एकत्र बसवा, आठ महिने चालणारी, चढ-उतार असलेली एक राज्य लीग उभी करा, आणि या मुलांतल्या प्रत्येकाला अठराव्या वर्षी कोणता संघ मोठ्यांत उतरवणार ते आजच लिहून घ्या. ती अठरा वर्षांची होतील २०३० च्या सुमारास. देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये आज महाराष्ट्राचा एकच क्लब आहे.